शिफारसपत्रात 'लाजाळू' लिहू का?

ताई, नमस्कार.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. बारावीतल्या एका मुलीनं परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठात अर्ज करायचं ठरवलं आहे. निवड झाली तर फी आणि होस्टेल दोन्ही माफ होऊ शकतं. अर्जात एक निबंध, एका शिक्षकाचं शिफारसपत्र आणि नंतर ऑनलाइन मुलाखत आहे. शिफारसपत्राचं काम माझ्याकडे आलं आहे. असं पत्र मी आजवर लिहिलेलं नाही.

मुलगी अभ्यासात पहिली. घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. वडील सातवी शिकलेले. पण वर्गात ती तोंड उघडत नाही. प्रश्न विचारला की खाली बघते, वहीत मात्र उत्तर बरोबर असतं. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीसाठी त्यांच्या शेतात कामगंध सापळे (मादीच्या वासाचं आमिष लावून पतंग पकडणारे) लावले, तेव्हापासून ती रोज सकाळी त्यातले पतंग मोजून वहीत लिहिते. हे मला दोन महिन्यांनी कळलं, तेही तिच्या मैत्रिणीकडून.

फॉर्ममध्ये विचारलंय: वर्गातल्या चर्चेत सहभाग कसा? नेतृत्वगुण? काही उणीव? खरं लिहिलं तर तिचं नुकसान होईल. खोटं लिहायला हात धजत नाही. स्टाफरूममध्ये म्हणतात, 'लिहून टाका ना सर चांगलं, कोण येते पाहाले!' मुलगी म्हणते, 'सर, मले नाई जमत तिथं बोलाले, राहू द्या.' काय करू? आणि निवड झालीच, तर ती तिथे टिकेल का?

— एक शिक्षक, जि. यवतमाळ

*

सर, सप्रेम नमस्कार.

'लाजाळू' हा शब्द पत्रात लिहू नका, आणि खोटंही लिहू नका. या दोन्हींच्या मध्ये ऐसपैस जागा आहे. तुम्ही ओझरती सांगितलेली ती पतंगांची वही त्यातली निम्मी जागा भरून काढेल. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आधी तिच्या मनावरचं थोडं ओझं उतरवू. आपल्याकडच्या बहुतेक प्रवेशांना मुलगी बोलते की गप्प बसते याच्याशी काही देणंघेणं नसतं. एमएचटी-सीईटीचा पर्सेंटाइल, नीटचे गुण, सीयूईटीचा स्कोअर. यादी लागते आणि त्या यादीत नाव असतं, चेहरा नसतो. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्वतःची प्रवेश परीक्षा होती तेव्हा तिच्यात गांधीविचारांचा एक वेगळा पेपर असे, म्हणजे मार्कांपलीकडचं थोडं काही विचारलं जाई. नीट आली आणि तेही गेलं. या पद्धतीला आपण कितीही नावं ठेवली तरी अबोल पोरांवर तिचे उपकार आहेत. तेव्हा सीईटीचे फॉर्म तिला भरायला लावाच. खासगी विद्यापीठ ही तिची एकमेव वाट राहिली नाही की मुलाखतीतला तिचा आवाजही जरा मोकळा होईल.

आता या दुसऱ्या वाटेबद्दल. अशोका किंवा अझीम प्रेमजी यांसारख्या विद्यापीठांत निवडीच्या वेळी मुलाखत घेतात. परदेशी कॉलेजांत शिक्षकांची पत्रं वाचतात. मुलीला भाषण ठोकता येतं का, हे बघायला ही मंडळी बसलेली नसतात. वर्ग लहान असतात, चर्चेवर चालतात, आणि समोरचं पोर त्या शिकण्यात उतरेल का एवढं त्यांना चाचपायचं असतं. अशा निवडीच्या टेबलावर मीही बसलेली आहे, म्हणून सांगते. पत्र वाचणारा माणूस तुमच्या मुलीला ओळखत नाही. घाटंजी त्याला नकाशात शोधावी लागेल. समोर अर्जांचा ढीग असतो आणि संध्याकाळपर्यंत तो संपवायचा असतो. अशा वेळी 'हुशार आहे पण लाजाळू आहे' एवढं वाचलं की 'पण'च्या पुढचं तेवढं डोक्यात राहतं. मग तो त्याच्या ओळखीतलं एखादं लाजाळू पोर आठवतो: कोपऱ्यात बसणारं, गटात न मिसळणारं, पहिल्या दिवाळीला घरी गेलं ते परत न आलेलं. तुम्ही जागा मोकळी सोडली की वाचणारा ती स्वतःच्या आठवणीनं भरतो.

तुम्हाला वाटेल, एका शब्दाचा एवढा काय बाऊ करायचा. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचं प्रकरण बघा. तिथे अर्जदाराला अभ्यास, उपक्रम, खेळ यांच्याबरोबर व्यक्तिमत्त्वासाठीही एक दर्जा देतात. आशियाई वंशाची अमेरिकन मुलं अभ्यासात पुढे असूनही या दर्जात मागे पडत होती. हा मुद्दा घेऊन एक संघटना २०१४ मध्ये कोर्टात गेली. त्याआधी १९९० मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं हार्वर्डच्या फायली तपासल्या होत्या. त्यातही या मुलांवर मारलेले शेरे पुन्हा पुन्हा तेच निघाले: शांत, लाजरा, गणित-विज्ञानातला, कष्टाळू. २०१९ मध्ये खालच्या कोर्टानं निकाल हार्वर्डच्या बाजूनं दिला. निकालपत्रात मात्र न्यायाधीशांनी म्हटलं की दर्जातला हा फरक शाळेतल्या शिक्षकांच्या आणि समुपदेशकांच्या शिफारसपत्रांतूनही आलेला असू शकतो. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं वंश विचारात घेऊन प्रवेश देण्याची पद्धतच रद्द केली. तो वाद फार मोठा आहे आणि आपल्या कामाचा नाही. आपल्या कामाचं आहे ते खालच्या कोर्टाचं वाक्य. पोरांवर मनापासून माया असलेल्या शिक्षकांनी लिहिलेल्या 'शांत आणि कष्टाळू' या दोन शब्दांनी त्यांचं कौतुकही झालं असेल आणि वाटही अडली असेल.

आपली शिफारसपत्रं तर याहून सपाट असतात. शाळेच्या दाखल्यावर 'वर्तणूक: चांगली' लिहून लिहून आपला हात तसाच वळलेला असतो. प्रामाणिक, आज्ञाधारक, होतकरू, चारित्र्य उत्तम, उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा. हे पत्र एका मुलीचं काढून दुसरीला दिलं तरी कोणाला पत्ता लागणार नाही. आज्ञाधारक तर मुळीच लिहू नका. तिकडच्या वाचणाऱ्याला तो गुण वाटेलच असं नाही.

आणि सर, रागावू नका, पण ही मुलगी गप्प बसायला शिकली कुठे? घरी पाहुणे आले की चहा ठेवून आत जायचं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट. दहावीपर्यंत प्रत्येक पालकसभेत 'पोरगी मोठी गुणाची, मान वर करून बोलत नाही' हे तिच्या आईनं अभिमानानं ऐकलेलं असणार. मुलगा असता तर याच स्वभावाला आपण 'शांत, विचारी' म्हटलं असतं. तिनं सतरा वर्षं पाळलेला धडा एका फॉर्मपायी आता तिची उणीव ठरतो आहे.

स्वभाव तोच राहतो, त्याचा भाव बदलतो. मानसशास्त्रज्ञ शिन्यिन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायच्या शाळकरी मुलांच्या वेगवेगळ्या वर्षांतल्या तुकड्या अभ्यासल्या. १९९० च्या तुकडीत लाजऱ्या मुलांना सोबतीही चांगलं म्हणत आणि शिक्षकही. २००२ च्या तुकडीत तसलीच मुलं एकटी पडलेली आणि जास्त खिन्न आढळली. मधल्या बारा वर्षांत शहराला पुढे पुढे करणारी, स्वतःला मांडणारी माणसं हवीशी झाली होती. तुमची विद्यार्थिनी तर अशा दोन काळांत एकाच आठवड्यात राहणार आहे: घरात एक, लॅपटॉपच्या पडद्यावर दुसरा. तिला 'बदल' म्हणण्याआधी हे तिला समजावून सांगा. आपल्यात काही बिघाड नाही, फक्त जागा वेगळी आहे, हे कळलं की पोरं बरीच सावरतात.

तिचा अबोलपणा नेमका कसला आहे, हे पत्र लिहिण्याआधी तुम्हाला शोधावं लागेल. ती मैत्रिणीशी बोलते का? वेचणीच्या वेळी बायांमध्ये बोलते का? दुकानात हिशेब चुकला तर सांगते का? तिथे ती मोकळी असेल, तर तुम्हाला दिसतो तो लाजाळूपणा निम्मा वर्गाचा आहे. वर्गात प्रमाण मराठी, पुस्तकात इंग्रजी, आणि तिच्या तोंडात 'मले', 'तुले', 'काऊन'. एकदा कोणी हसलेलं असतं, शिक्षकही हसलेले असतात, आणि पोरगी तोंडाला कुलूप लावून टाकते. गाडगेबाबा वऱ्हाडीतच कीर्तन करायचे, माणसांना प्रश्न विचारून विचारून जागं करायचे, हे आपण जयंतीला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी 'मले काय?' म्हणणाऱ्या पोराला दुरुस्त करतो. तुमच्या वर्गात एक आठवडा तिला वऱ्हाडीतच उत्तर द्यायला सांगून बघा. पेशीविभाजन वऱ्हाडीत सांगितलं म्हणून पेशीचं काही बिघडत नाही.

आणि समजा, ती कुठेच बोलत नसेल. चारचौघांत जेवतानाही हात थरथरत असेल, तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री झोप उडत असेल, उलटी होत असेल, भीतीपायी शाळा बुडत असेल, तर हे प्रकरण स्वभावाच्या पुढचं आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही दाखवता येईल. तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. रोज पहाटे वावरात जाऊन पतंग मोजणारी मुलगी जगाला भ्यालेली नसते.

आता ती वही. सर, तुम्ही जीवशास्त्र शिकवता, म्हणून मला नवल वाटतं की तुम्ही तिचा उल्लेख एवढ्या चटकन उरकला. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात बारावीची मुलगी कोणी न सांगता गुलाबी बोंडअळीच्या पतंगांची रोजची नोंद ठेवते. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की नुकसानीची पातळी ओलांडली असं धरतात आणि मग फवारणीचा निर्णय घेतात, हे तुम्हाला माहीत आहे. तिला ते माहीत होतं का? तो आकडा कधी आला का? आला तेव्हा तिनं वडिलांना सांगितलं का, आणि त्यांनी ऐकलं का? डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्यानं न उमललेली फुलं, मोजल्या का? एखाद्या दिवशी आकडा एकदम पडला असेल, तर त्याचं कारण तिनं काय लावलं: पाऊस, की ल्युर (सापळ्यातलं वासाचं आमिष) जुनी झाली? उद्या तास संपल्यावर तिला वही घेऊन बोलवा. मैत्रिणीलाही येऊ द्या. बाकावर समोरासमोर न बसता वही मध्ये ठेवून शेजारी बसा आणि हे प्रश्न विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर तुम्ही बोलू नका. हे तुम्हाला तिच्यापेक्षा जड जाईल. शिक्षकांना गप्प बसवत नाही.

त्या बैठकीतून तुमचं पत्र निघेल. साधारण असं:

'ही विद्यार्थिनी वर्गात क्वचित बोलते. तिच्या शेतातल्या कामगंध सापळ्यांची रोजची नोंद तिनं स्वतःहून ठेवली आणि दोन महिने मला त्याचा पत्ताही नव्हता. वही बघताना मी विचारलं की अमुक आठवड्यात आकडा एवढा का घसरला. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि मग म्हणाली...'

पुढचं वाक्य तिचं. तिच्याशी बोलल्याशिवाय ते तुम्हाला लिहिता येणार नाही, आणि मलाही इथे बसून रचता येणार नाही. त्यानंतर एवढंच जोडा की अशा नोंदी ठेवणारं, उत्तर देण्याआधी थांबणारं पोर तुम्ही किती वेळा पाहिलं आहे. 'क्वचित बोलते' हे पहिल्याच वाक्यात आलं, बघा. काही लपवलेलं नाही. पण वाचणाऱ्याला तिच्या गप्प बसण्यात काय चाललेलं असतं तेही दिसलं, म्हणून तो तिथे स्वतःची आठवण भरणार नाही.

नेतृत्वाच्या रकान्यात खोटी कॅप्टनकी नको. 'वर्गप्रतिनिधी होती, वृक्षारोपणाचं नेतृत्व केलं' असं लिहिलं आणि मुलाखतीत त्यावरच पहिला प्रश्न आला तर काय? खोटं तुम्ही लिहाल, घाम तिला फुटेल. तिच्या नोंदीमुळे वडिलांची एखादी फवारणी वाचली असेल, किंवा शेजारच्या धुऱ्यावरचे काका तिला आकडा विचारायला येत असतील, तर ते लिहा. तसलं काहीच नसेल, तर त्या रकान्यात दोन साध्या ओळी पुरेत. चर्चेतला सहभाग प्रामाणिकपणे मध्यम दाखवा. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठीच्या कॉमन ॲपमध्ये शिक्षकाच्या फॉर्मवर वर्गातली चर्चा, नेतृत्व, आत्मविश्वास यांच्या शेजारीच सचोटी, शिस्त, इतरांची काळजी, अडचणीला तोंड देणं असेही रकाने असतात, आणि मत द्यायला पुरेसा आधार नाही असा पर्यायही असतो. तुमच्या फॉर्मवर तसं काही आहे का बघा. सगळ्या रकान्यांत सर्वोत्कृष्ट अशी खूण केलेल्या पत्रावर कोणी विश्वास ठेवत नाही. एक मध्यम खूण असली की बाकीच्यांना वजन येतं.

'उणीव' विचारली आहे तिथे इंग्रजी बोलण्याचा सराव नाही असं लिहा. ते खरं आहे, आणि ती कसर पहिल्या सहामाहीत भरून निघण्यासारखी आहे. पत्र आधी मराठीत लिहा, मग इंग्रजी करून घ्या. थेट इंग्रजीत बसलात तर दाखल्याची भाषा पुन्हा हातात येईल.

हे सगळं करण्याआधी तिला विचारा, तुझ्या घराबद्दल मी काय लिहिलेलं चालेल? मुलींच्या घरची हकिगत आपण फार सहज वाटून टाकतो.

याच धाग्यानं तिच्या निबंधाबद्दल. विषय मोकळा असेल तर दोन सल्ले तिला नक्की मिळणार आहेत. पहिला, 'मी लाजाळू होते, मग एकदा भाषण केलं आणि बदलले' असं लिही. असे निबंध वाचणाऱ्यांनी पोत्यानं वाचलेले आहेत, आणि तिच्या बाबतीत ते खरंही नाही. ती बदललेली नाही, बदलायची गरजही नाही. दुसरा सल्ला जास्त वाईट: यवतमाळची आहेस, कर्ज, नापिकी, आत्महत्या लिही, शिष्यवृत्ती पक्की. तिच्या घरावर असा प्रसंग आला असेल आणि तिला स्वतःला तो सांगावासा वाटत असेल तर तिनं जरूर सांगावा. नाहीतर आपल्या जिल्ह्याचं दुःख हे काही अर्जाला लावायचं प्रमाणपत्र नव्हे. तिनं पतंगांवर लिहावं. पहाटे वावरात कसलं अंधुक दिसतं, सापळ्याची पिशवी उघडताना आत काय असतं, मेलेला पतंग आणि जिवंत पतंग मोजणीत वेगळे धरले की एकत्र. लाजाळू माणसं बघतात खूप. तिला ते उतरवू द्या. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा. वाक्यं 'छान' करायला जाऊ नका.

मुलाखतीच्या तयारीत मला सगळ्यात धास्ती वाटते ती उत्साही शिक्षकांची. 'भीड चेपू' म्हणून तिला २६ जानेवारीला माईकसमोर उभं करतील. कृपा करून करू नका. अडीचशे पोरांसमोर थरथरून खाली उतरलेली मुलगी मुलाखतीला आणखी घाबरते. तिच्यासमोर त्या दिवशी तीन माणसं असणार आहेत, तेव्हा सरावही तेवढ्याच माणसांचा हवा. आधी तुम्ही एकटे. मग तुम्ही आणि एखाद्या मॅडम. मग तिला अनोळखी असलेलं कोणी, फोनवर. मधल्या दिवसांत तालुक्याच्या कृषी कार्यालयात तिनं स्वतः जाऊन सापळ्यांबद्दल एक प्रश्न विचारून यावा. वडील बाहेर थांबतील. सराव प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्याचा नको. तिच्या प्रत्येक उत्तरावर तुम्ही 'म्हणजे कसं?' आणि 'एखादा दाखला सांग' एवढंच विचारा. अबोल मुलं पहिल्या उत्तरात अर्धं वाक्य देतात, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात सगळं. मुलाखत घेणारे तिसऱ्यापर्यंत थांबतीलच याची खात्री नसते, म्हणून पहिल्याच उत्तराला एक दाखला जोडायची सवय लागली तर पुष्कळ झालं.

एक वाक्य तिला पाठ हवं, तेवढं मात्र पाठच करून घ्या: 'मला उत्तर देण्याआधी थोडा विचार करायला लागतो.' हे सुरुवातीलाच सांगून टाकलं की पुढची शांतता विचार करण्याची ठरते. नाहीतर ऑनलाइन मुलाखतीत तिकडच्यांना वाटतं नेटवर्क गेलं, आणि ते 'हॅलो, हॅलो' सुरू करतात. तेवढ्यात आलेलं उत्तरही जातं. मुलाखत कोणत्या भाषेत देता येईल, हिंदी किंवा मराठी चालेल का, हे आधी मेल करून विचारा. विचारल्यानं गुण कापले जात नाहीत. वही जवळ असू द्या आणि विषय निघाला की कॅमेऱ्यासमोर धरू द्या. हातात काही दाखवायला असलं की नजर कुठे ठेवायची हा प्रश्न सुटतो. खाली बघण्याची फार काळजी करू नका. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं आपल्याकडे अदब आहे हे समितीवरच्या भारतीय माणसांना कळतं. जागा कॉलेजची बघा, वीज जाणार नाही अशी वेळ विचारून घ्या, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. आणि वडिलांना प्रेमानं बाहेर बसवा. 'सांग नं बाई, काऊन गप बसली' हे मागून ऐकू आलं की संपलंच.

स्टाफरूममधलं कोणीतरी तिला गांधीजींचं उदाहरण देणार. मुंबईच्या कोर्टात पहिल्या खटल्यात त्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि सेवाग्राम तर आपल्या शेजारीच. गोष्ट खरी आहे. पण सतरा वर्षांच्या पोरीला एका मुलाखतीसाठी महात्मा व्हायचं ओझं कशाला? त्यापेक्षा तिला हे सांगा की १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ फिलिप झिंबार्डो यांनी पाहणी केली तेव्हा सुमारे ४० टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं. प्राध्यापक काही त्यातून सुटलेले नसतात. समोरच्या तिघांत एखादा बहुधा तिच्यासारखा असेल.

यवतमाळमधून सुरू झालेली 'एकलव्य' ही संस्था गावाकडच्या, घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलांना देशातल्या मोठ्या संस्थांचे अर्ज, निबंध, मुलाखती यांत मदत करते. लोणार तालुक्यातल्या एका गावातून आलेल्या राजू केंद्रे यांनी ती उभी केली. पुढे ते लंडनलाही शिकून आले. तिच्या कामातून पुढे गेलेल्या एखाद्या ताईशी मुलीचं फोनवर बोलणं झालं, तर माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

टिकेल का, असं तुम्ही विचारलंत. पहिले दोन-तीन महिने तिला जड जातील, हे धरून चाला. जेवणाच्या टेबलावर कोणाशेजारी बसायचं हाही प्रश्न पडेल. पण चर्चेच्या लहान वर्गात बुजरी मुलं बरेचदा मोठ्या वर्गापेक्षा लवकर खुलतात. तिथे साठ जणांच्या डोळ्यांसमोर बोलावं लागत नाही, आणि लिहिलेल्या कामाला किंमत असते. प्रवेश मिळाला तर विद्यापीठाला तीन गोष्टी विचारा: इंग्रजीचा वेगळा वर्ग आहे का, वरच्या वर्गातली एखादी विद्यार्थिनी सोबतीला नेमून देतात का, आणि समुपदेशकाशी हिंदीत किंवा मराठीत बोलता येतं का. तिन्हींची उत्तरं 'नाही' आली, तर फी माफ असली तरी मी दहादा विचार करेन. आणि 'राहू द्या' हे तिचं शेवटचं उत्तर आहे की पहिलं, तेही एकदा बघा. वहीची बैठक, दोन-तीन सराव झाल्यावरही ती नको म्हणाली, तर तो तिचा निर्णय. नागपूर-अमरावतीतही चांगलं शिकता येतं.

राहिलं एक रोजचं काम. शिफारसपत्राची लिंक बहुतेक वेळा शिक्षकाच्या मेलवर येते, आणि आपल्या कॉलेजांचे मेल कोण उघडतं हे तुम्हाला ठाऊक आहे. फॉर्मवर तिनं तुमचा कोणता पत्ता दिला आहे तो आजच विचारा, स्पॅमचा फोल्डर बघा, आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी पत्र चढवून टाका. शेवटच्या रात्री साइट हमखास बसते.